आत्याला आधी बोलवा

आजी गेल्यावर माळ्यावरून तिची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. आत १९४० ते १९६५ च्या दरम्यानची पत्रं, फोटो आणि दांडी मोडलेले दोन चष्मे. हे सगळं लावून स्कॅन करायच्या कामाला मी उत्साहाने लागले आणि पहिल्या महिन्यातच बहुतेक चुका उरकून घेतल्या.

१. स्कॅनर नंतर, म्हातारी माणसं आधी. फोटोतली निम्मी मंडळी फक्त आत्यालाच ठाऊक. दिवाळीत जाऊ म्हणत राहिले. गेले तेव्हा एका ग्रुप फोटोवर बोट ठेवून ती म्हणाली, ‘ही आपली…’ आणि माझ्याकडेच बघत राहिली.

२. गठ्ठा सोडण्याआधी होता तसा त्याचा फोटो काढा. लाल दोऱ्यात बांधलेली पत्रं मी हौसेने माणसांनुसार लावली. ती सगळी काकांच्या टायफॉइडमधली होती, हे नंतर कळलं. आजीने एक अख्खं आजारपण बांधून ठेवलं होतं, मी ते विस्कटलं.

३. मिती असते, शक नसतो. ‘आषाढ शु. ५’ एवढ्यावरून वर्ष कसं कळणार? मग तिकीट बघा. किंमत आण्यांत असेल तर बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचं, ‘नये पैसे’ असतील तर त्यानंतरचं. आंतर्देशीय पत्र १९५० मध्ये आलं, पिनकोड १९७२ मध्ये. थोरल्यांची काही कार्डं मोडीत आहेत. वाचणारे शोधावे लागतात, पण अजून सापडतात.

४. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. दमटपणात जिलेटिनचा थर काच धरून बसतो. मी सुरी घातली. आजोबांचा कोट काचेवर राहिला आणि बिनकोटाचे आजोबा माझ्या हातात आले. काचेसकट स्कॅन केलं असतं तर भागलं असतं.

५. चिकटपट्टी, लॅमिनेशन, मागे बॉलपेन: तिन्ही नको. लिहायचंच तर मऊ पेन्सिलीने, कडेला.

६. हे मला सगळ्यात उशिरा सुचलं. आजीच्या ट्रंकेत आजीचं एकही पत्र नव्हतं. असेल कसं? आपलं अक्षर दुसऱ्याच्या घरी जातं. तिची पत्रं पुण्यात तिच्या भावाकडे, नारायण पेठेत, तळमजल्यावर. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि त्या घरात चिखलाखेरीज काही उरलं नाही. मग मी चुलत-मावस सगळ्यांना फोन करत सुटले. बेळगावच्या मावशींकडे एक कार्ड निघालं, जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीचं, एका कोपऱ्यात पाणी लागून शाई फुटल्यासारखं. मजकूर काय, तर पापडखार संपलाय, येणाऱ्याबरोबर पाठव. खाली तिचं नाव, आणि न मावलेलं वाक्य समासातून उभं चढवलेलं. ते मी कितीदा वाचलंय!

७. सगळंच स्कॅन करायचं नसतं. ट्रंकेच्या तळाशी आजोबांचं एक पत्र होतं, शेवटी ‘वाचून फाडून टाकणे’. तिने फाडलं नव्हतं. घड्यांवर कागद पार विरलाय, म्हणजे पुष्कळदा उघडलं असणार. मी पहिल्या चार ओळी वाचल्या, होती तशी घडी घातली आणि तळाशी ठेवून दिलं. माझ्या यादीत त्याला क्रमांक नाही.