कान्हेरीची सहल

ठाण्याच्या मानपाड्यातील एक मुलगा आणि कल्याणचा त्याचा मित्र एका रविवारी पहाटेच कान्हेरीस निघाले. मानपाड्यामागील डोंगरांच्या पलीकडे ही लेणी आहेत. परंतु वाट घोडबंदरावरून, बोरिवलीच्या उद्यानातून जाते. तेथे प्राचीन काळी बौद्धांचे विद्याकेंद्र होते, असे गुरुजींनी सांगितले होते. पाहतात तो नुसता काळा कातळ आणि त्यात कोरलेली शंभराहून अधिक लेणी! मित्र हिरमुसला.

मग दोघांनी निरखून पाहिले. खोल्यांत भिक्षूंना बसण्यानिजण्यास दगडी ओटे होते, बाहेर पावसाचे पाणी साठविणारी टाकी होती. भिंतींवर दात्यांचे लेख कोरलेले होते. त्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांचीही दाने नोंदलेली आहेत, हे गुरुजींनी दिलेल्या टिपणात वाचताच मित्राची कळी खुलली. शिलाहार राजा पुल्लशक्ती याच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या ९ व्या शतकातील, एका दानाचा हिशेबही त्यात होता : डागडुजीसाठी ३ द्रम्म, चीवरांसाठी ५ आणि पुस्तकांसाठी १.

"पुस्तकांना एकच?" मित्राने विचारले.

"पण तोही कातळावर कोरून ठेवला आहे!"

उतरण्यापूर्वी मित्राने ती ओळ आपल्या वहीत लिहून घेतली.