झाडांची परदेशी नावे : उच्चार कसा करावा?



गेल्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गाने शाळेच्या आवारातील झाडांना नावांच्या पाट्या लावल्या. वर मराठी नाव आणि खाली वनस्पतिशास्त्रातील नाव. पाट्या लागल्यावर प्रत्येकाने एकेका झाडापाशी उभे राहून माहिती सांगायची होती. सरावाच्या वेळी पेरूखाली उभी असलेली मुलगी वाचू लागली, ‘‘प्सिडियम ग्वाजावा.’’ मागून कोणीतरी हसून म्हणाले, ‘‘अगं, पी सायलेंट असतो!’’ ती गप्प झाली. पालकांसमोर कार्यक्रम झाला त्या दिवशी म्हणाली, ‘‘बाई, मी नाही बोलणार. मला इंग्रजी नीट येत नाही.’’

पेरूची सगळी माहिती तिला तोंडपाठ होती. गाडे अडले ते एका उच्चारापाशी. आणि गंमत अशी की तो शब्द इंग्रजी नव्हताच! म्हणून आजचा हा पाठ.

ही नावे कशासाठी?

आपण बडोद्यात घरी पेरू म्हणतो, लारीवाल्याकडे जामफळ मागतो आणि हिंदी बोलणारा शेजारी त्यालाच अमरूद म्हणतो. आपला शेवगा बाजारात सरगवो होतो. उलट, एकाच नावाची दोन झाडेही असतात. दाराला ज्याच्या पानांचे तोरण बांधतात त्या उंच, सरळ आसोपालवाला पुष्कळ जण अशोक म्हणतात. पण सीतेचा अशोक हे निराळेच झाड आहे.

हा घोटाळा टाळण्यासाठी स्वीडनचे शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५३ साली ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव दिले. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. जणू आधी आडनाव आणि मग नाव. ही नावे लॅटिन भाषेच्या साच्यात असतात. पण त्यांतले शब्द ग्रीक, फ्रेंच, जर्मन, तमिळ, संस्कृत असे कुठूनही आलेले असतात.

मग खरा उच्चार कोणता?

लॅटिन ही आज कोणाचीच मायबोली नाही. म्हणून प्रत्येक देश ही नावे आपापल्या जिभेने वाचतो. वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. ती नाव कसे द्यावे, कसे लिहावे हे ठरवते. उच्चार मात्र ठरवत नाही. विल्यम स्टर्न या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांचे ‘बोटॅनिकल लॅटिन’ हे १९६६ सालचे पुस्तक या विषयात प्रमाण मानले जाते. त्यांचेही मत असेच आहे की, उच्चार कानाला बरा वाटावा आणि ऐकणाऱ्याला समजावा, एवढे पुरे.

ढोबळमानाने दोन पद्धती चालतात. एक इंग्रज बागवानांची आणि दुसरी जुन्या लॅटिनला धरून चालणारी. वड-पिंपळाच्या प्रजातीला इंग्रज ‘फायकस’ म्हणतो, तर लॅटिन पद्धतीने ते ‘फीकुस’. हरभऱ्याची प्रजाती ‘सायसर’ किंवा ‘किकेर’. लिंबाची ‘सिट्रस’ किंवा ‘किट्रुस’. यातले कोणतेच चूक नाही.

आता आपल्या पेरूकडे वळू. शब्दाच्या आरंभी ‘प्स’ किंवा ‘प्ट’ आला की इंग्रजांची जीभ ‘प’ गाळते. जर्मन माणूस तो स्पष्ट उच्चारतो. आपणही ‘अप्सरा’ म्हणताना अडखळत नाही, मग ‘प्सिडियम’ला का अडखळावे? ‘ग्वाजावा’मधील ‘जे’ हे अक्षर लॅटिनमध्ये ‘य’सारखे वाचतात, म्हणून ‘ग्वायावा’ हाही उच्चार बरोबर. हसणाऱ्याचे ‘सिडियम’ चूक नव्हते. पण त्या मुलीचे ‘प्सिडियम’ही चूक नव्हते.

माणसांवरून पडलेली नावे

आपण ज्याला डेलिया म्हणतो ते मूळचे मेक्सिकोचे फूल. त्याचे नाव अँडर्स डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले. त्या हिशेबाने ‘डालिया’ म्हणायला हवे. पण इंग्लंडमध्ये ‘डेलिया’ आणि अमेरिकेत ‘डॅलिया’ रूढ झाले. फुक्स या जर्मन वैद्याच्या नावाचे ‘फुक्सिया’ इंग्रजांच्या तोंडी ‘फ्यूशा’ झाले, इतके की मूळ माणूस ओळखूच येईना!

बोगनवेलीची कथा तर आणखी मजेची. बूगँव्हील या फ्रेंच दर्यावर्दीने १७६६ ते १७६९ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच्यासोबतच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला हे झाड ब्राझीलमध्ये मिळाले. त्या आडनावातल्या ‘व्हील’ची आपल्याकडे चक्क ‘वेल’ झाली. आपले माळीकाका ‘बोगनवेल’ म्हणतात, त्याला अशिक्षितपणा म्हणू नये. शब्द असेच घरचे होतात.

परत आलेली आपलीच नावे

या यादीत आपले शब्दही आहेत. शेवगा म्हणजे ‘मोरिंगा’. हा शब्द तमिळ-मल्याळममधील मुरुंगै, मुरिंगा यांवरून आला. आल्याचे ‘झिंजिबर’ हे संस्कृत ‘शृंगवेर’ ग्रीकांमार्फत फिरून आलेले रूप आहे.

केरळातील वनस्पतींवर ‘होर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. डच अधिकारी व्हान ऱ्हीड यांना त्यासाठी इट्टी अच्युतन हे वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी पंडित यांनी मदत केली. या तिघांची कोकणी भाषेतील साक्ष नागरी अक्षरांत त्या ग्रंथात छापलेली आहे. पुढे लिनियसनेही या ग्रंथाचा उपयोग केला.

आता सोनचाफा पाहा. त्याच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द म्हणजे आपला ‘चंपक’. लॅटिन पद्धतीत ‘सी-एच’ जोडून आले की ‘क’ वाचतात. त्यामुळे नियमाने जाणारा परदेशी विद्वान त्याला ‘कंपाका’ म्हणेल. आपण ‘चंपाका’च म्हणावे, कारण मूळ शब्द आपल्याला ठाऊक आहे. पण त्याला हसू नये. आपल्याला कोणी हसले तर कसे वाटते, ते आपण पाहिलेच आहे.

लक्षात ठेवा

१) लिहिताना एकही अक्षर चुकवू नका. उच्चारात सूट आहे, लेखनात नाही.
२) शब्द तोडून, सावकाश वाचा. शेवटचा स्वर गिळू नका. कोरफडीचे ‘आलोए’ तीन तुकड्यांत म्हणा : आ-लो-ए.
३) नाव व्यक्तीचे असेल तर तिचा देश व भाषा शोधा, मूळ उच्चार जवळ येतो. मात्र रूढ उच्चारही चालतो.
४) समोरच्याला समजले नाही तर नाव लिहून दाखवा किंवा झाडच दाखवा.
५) येत नाही म्हणून गप्प बसू नका आणि दुसऱ्याला गप्प बसवू नका.

स्वाध्याय

घराजवळची पाच झाडे निवडा. त्यांची मराठी, गुजराती व शास्त्रीय नावे वहीत लिहा. शास्त्रीय नाव देवनागरीत लिहिताना एकाहून अधिक उच्चार असतील तर तेही नोंदवा. आजी-आजोबांना किंवा माळीकाकांना आणखी एखादे नाव विचारा.

पालकांना विनंती, की मुलांनी ही नावे घरी मोठ्याने वाचावीत आणि आपण ती ऐकावीत. विश्वस्त मंडळींना सुचवावेसे वाटते, की पुढील पाट्यांवर शास्त्रीय नाव देवनागरीतही लिहावे. आपल्या लिपीत जसे लिहावे तसे वाचता येते. तिचा उपयोग येथे करून घेऊ.

आणि पेरूखाली उभ्या राहिलेल्या आमच्या विद्यार्थिनीला एवढेच सांगणे : बाळ, पुढच्या कार्यक्रमात पेरूची माहिती तूच सांग. ‘प्सिडियम’ म्हण किंवा ‘सिडियम’ म्हण, पण मोठ्याने म्हण.