समजून घेऊ या : व्हिडिओ एडिटिंगसाठी लॅपटॉप कसा पारखायचा?



कॉलेजं सुरू झाली की गटाच्या बैठकीत शिक्षणासाठी कर्जाची मागणी वाढते. फी आणि बसच्या पासच्या जोडीला आता लॅपटॉप आला आहे. बारामतीला, इंदापूरला शिकणाऱ्या आपल्या बऱ्याच मुलामुलींना व्हिडिओ एडिटिंग शिकायचं आहे. शिकता शिकता त्यातून चार पैसेही मिळू शकतात. आपल्याकडे चित्रीकरणाला विषयही भरपूर : लग्नसराई, बारामतीचं कृषिक प्रदर्शन, तुकोबारायांची पालखी, बेलवाडीचं रिंगण, भिगवणला उजनीच्या पाण्यावर येणारे फ्लेमिंगो.

पण लॅपटॉप म्हणजे मोठी रक्कम. कर्ज तुमच्या नावावर, हप्ता तुम्ही भरणार, मग निवड मात्र दुकानदाराने करायची, असं का? गाय घेताना आपण रंग बघून पैसे देत नाही. वेत विचारतो, कास बघतो, धार काढून बघतो. लॅपटॉपही तसाच पारखता येतो. त्यासाठी इंग्रजी यावंच लागतं असं नाही.

आधी काम विचारा

दुकानात जाण्याआधी लेकराला विचारा, "तू नक्की काय करणार?" मोबाईलवर काढलेले व्हिडिओ कापणं, जोडणं, आवाज आणि नावं टाकणं एवढंच काम असेल, तर मध्यम लॅपटॉप पुरतो. लग्नाचं कॅमेऱ्यावरचं मोठं चित्रीकरण किंवा फोर-के व्हिडिओ असतील, तर जास्त ताकद लागते. ज्याने अजून मोबाईलवरही एडिटिंग केलेलं नाही, त्याला दोन महिने मोबाईलवर किंवा कॉलेजच्या संगणकावर करू द्या. गोडी टिकली तर मग पैसे घाला.

या चार गोष्टी बघा

१. प्रोसेसर : हा काम करणारा हात. इंटेलचा आय-५ किंवा एएमडीचा रायझन ५ यापासून पुढे बघा. पण नुसत्या "आय-५"च्या स्टिकरवर जाऊ नका, पिढी विचारा. आय-५ १२३५यू असं लिहिलं असेल तर तो बाराव्या पिढीचा. जनावराचं वेत विचारतो, तसंच हे.

२. रॅम : हा स्वयंपाकाचा ओटा. ओटा लहान असला की कितीही चपळ बाई असो, कामाची खोटी होते. ८ जीबीवर साधं काम निघतं, पण मशीन अडखळतं. १६ जीबी असेल तर उत्तम. ८ जीबीच परवडत असेल तर एकच प्रश्न विचारा : "नंतर रॅम वाढवता येते का?" काही लॅपटॉपमध्ये ती आतच पक्की बसवलेली असते, मग वाढवता येत नाही.

३. एसएसडी : ही धान्याची कोठी. मोबाईलवर फुल एचडीमध्ये एक तास चित्रीकरण केलं तर साधारण ८ जीबी जागा जाते, फोर-केमध्ये २० जीबीच्या पुढे. म्हणून ५१२ जीबी तरी हवी. संपलेलं काम ठेवायला पुढे वेगळी हार्ड डिस्क घेता येते.

४. स्क्रीन : फुल एचडी आणि आयपीएस आहे ना, ते विचारा. बाजूने तिरकं बघा. रंग फिके किंवा उलटे दिसले, तर त्यावर हळदीच्या फोटोतला पिवळा रंग तरी नीट कसा जुळणार?

वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर फोर-के कामाला मदत होते. पण ते नुसत्या सुरुवातीसाठी आवश्यक नाही. त्यासाठी रॅम कमी करू नका.

सॉफ्टवेअरवर खर्च करायची घाई नको. केडेनलाइव्ह आणि शॉटकट मोफत आहेत. दाविंची रिझॉल्व्हचीही मोफत आवृत्ती आहे, मात्र तिला १६ जीबी रॅम लागते असं धरून चाला. कुणी चोरीचं सॉफ्टवेअर टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा. त्यातून व्हायरस येतो.

दुकानात धार काढून बघा

लेकराने स्वतः काढलेला पाच मिनिटांचा व्हिडिओ पेन ड्राइव्हमध्ये न्या. दुकानातल्या मशीनवर तो लावून, कापून बघू द्या. अडकत असेल तर तिथेच कळतं. शिवाय विचारा : सर्व्हिस सेंटर बारामतीत आहे की पुण्याला जावं लागेल? वॉरंटी किती वर्षांची? जीएसटीचं पक्कं बिल घ्या. बिलावरचा, खोक्यावरचा आणि मशीनखालचा नंबर एकच आहे ना, ते ताडून बघा.

जुना घ्यायचा असेल तर

कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप स्वस्त मिळतात आणि मजबूतही असतात. पण इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या आधीचा नको, कारण त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० ची नियमित सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. चार्जर काढून अर्धा तास चालवून बघा. वीज गेली की बॅटरीच कामाला येते. दुकानदाराकडून निदान काही महिन्यांची हमी लेखी घ्या.

हप्त्याचं गणित

समजा, लॅपटॉपला ५०,००० रुपये लागतात. १०,००० घरचे आणि ४०,००० गटाचं कर्ज, २० महिने, दरमहा १ टक्का, घटत्या शिलकीवर. दर महिन्याला मुद्दल २,०००. पहिल्या महिन्याचं व्याज ४००, म्हणजे हप्ता २,४००. शेवटचा हप्ता २,०२०. एकूण व्याज ४,२०० रुपये. व्याज दरमहा २ टक्के असेल तर हेच ८,४०० होतं.

दुकानदार "झिरो टक्के हप्ता" सांगेल. त्याला विचारा, "रोख घेतला तर किती? प्रोसेसिंग फी किती?" रोख किमतीतला फरक आणि फी, हेच त्याचं व्याज.

हप्ता दुधाच्या पगारातून किंवा मजुरीतून निघेल का, ते आधी बघा. लेकराच्या होणाऱ्या कमाईवर हप्ता बांधू नका. कमाई आली तर कर्ज लवकर फिटेल, नाही आली तरी गटात तुमची पत राहील.

बैठकीत करा

हा लेख बैठकीत वाचून दाखवा. ज्यांना लॅपटॉप घ्यायचा आहे, त्यांनी दोन दुकानांतून लेखी दर आणावेत आणि प्रोसेसर, रॅम, एसएसडी, स्क्रीन, वॉरंटी हे पाच रकाने करून फळ्यावर मांडावेत. तिघी-चौघींना एकाच वेळी घ्यायचा असेल तर एकत्र जा. भाव करायला जोर येतो, आणि दुकानदारही चार बायकांसमोर नीट उत्तरं देतो.