घरचा कॉम्प्युटर, धंद्याची वही: दर शनिवारी अर्धा तास द्या



व्हिडिओ बघता बघता लिहून घेणं जमत नाही, म्हणून कॉम्प्युटरच्या देखभालीच्या पायऱ्या इथे क्रमाने देतोय.

आपल्यापैकी बरेच जण घरूनच धंदा करतात. ज्या कॉम्प्युटरवर बिलं, स्टॉक आणि उधारीची यादी, त्याच्यावरच संध्याकाळी मुलांचा गेम. दुकान आपण रोज झाडतो, पण कॉम्प्युटर बंद पडेपर्यंत त्याच्याकडे बघत नाही. आणि तो बंद पडतो नेमका रिटर्न भरायच्या तारखेला!

१. आधी बॅकअप, मग बाकी सगळं (दर शनिवारी)

"सर, माझी कॉपी डी ड्राइव्हवर आहे," असं बरेच जण सांगतात. पण सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एकाच कपाटाचे दोन कप्पे. कपाट गेलं की दोन्ही गेले.

म्हणून एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झालं की ती काढून ठेवा. रॅन्समवेअर आला तर जोडलेली डिस्कही लॉक होऊ शकते. दुसरी कॉपी क्लाउडवर. जीएसटीच्या नियमानुसार हिशेबाचं रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं, जपावं लागतं. तोवर तुमची डिस्क टिकेलच असं नाही.

महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल उघडून बघा. न उघडणारा बॅकअप असून नसल्यासारखा. अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा बॅकअप तपासताना तो वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा, चालू डेटावर नको.

२. अपडेट (दर शनिवारी)

सेटिंग्जमध्ये जाऊन विंडोज अपडेट बघा आणि रीस्टार्ट टाळू नका. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्याकडे कोणतं व्हर्जन आहे ते सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथे दिसेल. १० असेल तर ११ चालतं का ते तपासा. बँकेचे व्यवहार त्याच मशीनवर करत असाल तर हे काम लांबवू नका.

३. मशीन हळू चालतंय? (महिन्यातून एकदा)

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या स्टार्टअपमध्ये नको ते प्रोग्राम डिसेबल करा. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नका.

मग सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये टेम्पररी फाइल्स काढा. थांबा! यादीत 'डाउनलोड्स' वर टिक नाही ना, ते आधी बघा. आपली निम्मी बिलं तिथेच पडलेली असतात.

"एका क्लिकमध्ये स्पीड वाढवा" म्हणणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाकू नका. एसएसडी असेल तर वेगळं डीफ्रॅगही नको, लागेल ते विंडोज स्वतः करतं.

४. धूळ आणि वीज (तीन महिन्यांनी)

मशीन बंद करा, प्लग काढा, मग जाळ्यांवरची धूळ ब्लोअरने उडवा. पंखा दिसत असेल तर तो फिरू नये म्हणून बोटाने किंवा काडीने धरून ठेवा. वॉरंटी असेल तर कॅबिनेट स्वतः उघडू नका. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका, हवा अडते.

यूपीएस हा लाइट गेल्यावर काम सुरू ठेवायला नसतो, काम सेव्ह करून नीट बंद करायला असतो. तेवढा वेळ बॅटरी टिकते का, तेही तपासा.

एक धोक्याची खूण: हार्ड डिस्कमधून कटकट आवाज येऊ लागला, तर साफसफाई राहू द्या. आधी महत्त्वाच्या फाइल्स बाहेर काढा.

आजचा गृहपाठ: तुमचा शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे? तारीख आठवत नसेल, तर शनिवारची वाट बघू नका. आजच घ्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत!