फॉरमॅट मारण्याआधी

अपडेटनंतर लिनक्सच्या मशीनवरचं वायफाय गेलं की आमच्याकडे पहिला सल्ला मिळतो तो फॉरमॅट मारण्याचा. धनज गावातल्या एका अभ्यासिकेतही तेच ठरलं होतं. भरतीच्या अर्जाची मुदत संपत आलेली आणि सीपीयू कारंजाला न्यायची तयारी चाललेली. "दादा, काल तं नेट बराबर चालत होतं, आज वायफायच दाखवत नाई," पोरं सांगत होती. त्यांच्या नोट्स, स्कॅन केलेले दाखले, सगळं त्याच डिस्कवर होतं. म्हणून मी आधी सीपीयू पुन्हा टेबलावर ठेवायला लावला.

मशीनवर उबुंटू २२.०४ होतं. एप्रिल २०२२ मध्ये ही आवृत्ती आली ती ५.१५ कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, घेऊन. डेस्कटॉपवर मात्र पुढे अपडेटमधूनच ६.५, ६.८ असे नवे कर्नल येत गेले. बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. स्वस्तातल्या यूएसबी वायफाय डोंगलचा बऱ्याचदा येत नाही. तो वेगळा कम्पाइल करून बसवावा लागतो आणि ज्या कर्नलसाठी बसवला त्याच्याच फोल्डरमध्ये राहतो. कर्नल बदलला की ड्रायव्हर मागे राहिला. डोंगलला काहीही झालेलं नसतं.

चालू कर्नल कोणता ते पाहायला टर्मिनलमध्ये 'यूनेम -आर' दिलं. उत्तर आलं ६.८. 'मॉडप्रोब'ने ड्रायव्हर चढवून पाहिला, तर ६.८ च्या फोल्डरमध्ये मॉड्यूलच नाही असा संदेश. 'डीकेएमएस स्टेटस', म्हणजे कोणत्या कर्नलवर कोणता ड्रायव्हर बसलाय याची यादी, पाहिली; तिथे ड्रायव्हर ६.५ पुढे 'इन्स्टॉल्ड' आणि ६.८ चा पत्ता नाही. निदान झालं.

नव्या कर्नलसोबत जुना कर्नलही डिस्कवर असतो, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. मशीन रीस्टार्ट करताना शिफ्ट दाबून धरा (नव्या यूईएफआय मशीनवर एस्केप), ग्रबचा मेनू येईल. त्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू' निवडा आणि आधीचा कर्नल घ्या. आम्ही ६.५ घेतला, वायफाय लगेच आलं. पोरांना आधी अर्ज भरू दिले. ड्रायव्हर थांबू शकतो, मुदत थांबत नाही.

मग कायमचा इलाज. ड्रायव्हरचा जुना सोर्स नव्या कर्नलवर बहुधा कम्पाइल होत नाही, कारण कर्नलमधली फंक्शन्स बदललेली असतात. ६.८ चालवणारा नवा सोर्स घ्यावा लागतो. त्या कर्नलचे हेडर्स हवेत, आणि २२.०४ वर जीसीसी-१२ सुद्धा. हे नवे कर्नल त्याच कम्पायलरने बांधलेले आहेत, तर मशीनवर मुळात ११ असतो. इथे पुष्कळ जण अडकतात. जुना कर्नलही सुरू होत नसेल, तर हे सगळं उतरवून घ्यायला मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. केबल डेटावाली हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल नाकारलं जातं, तेही तपासा.

आमच्याकडे लाइनीचा भरवसा नाही, म्हणून आणखी एक. अपडेट चालू असताना लाइट गेली तर इनिटरॅमएफएस (मशीन सुरू होताना कर्नलला लागणारी फाइल) अर्धवट राहू शकतं आणि पुढच्या वेळी स्क्रीनवर थेट 'कर्नल पॅनिक' येतं. तेव्हाही जुन्या कर्नलने सुरू करा, 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा, मग 'अपडेट-इनिटरॅमएफएस'ला नव्या कर्नलचा आकडा देऊन ती फाइल पुन्हा तयार करून घ्या. डेटा सहसा शाबूत असतो.

अभ्यासिका, ग्रंथालय, शाळा चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: अर्जाच्या किंवा परीक्षेच्या आठवड्यात अपडेट लावू नका, लावायचंच तर यूपीएसवर लावा. आणि नव्या कर्नलवर वायफाय, प्रिंटर, स्कॅनर चालवून पाहिल्याशिवाय जुने कर्नल काढून टाकणाऱ्या 'ऑटोरिमूव्ह'ला हात लावू नका.