नायट्रोजन भरू का गं, ताई?

पेट्रोल पंपावर हवा भरायला गाडी लावलीस की तो मुलगा काचेवर टकटक करून म्हणणारच, "मैडम, नाइट्रोजन डलवा लो. टायर ठंडा रहेगा, फटेगा नहीं." तुझं महू–पीथमपूर रोजचं जाणं-येणं, त्यात मे महिना तोंडावर आलेला, आणि सुट्टीत मुलांना घेऊन ठाण्याला गाडीनंच जायचं ठरवलं आहेस. अशा वेळी "फटेगा नहीं" एवढं कानावर पडलं की कुणाचाही हात पर्सकडे जाईल. मुलं मागच्या सीटवर बसलेली असताना आई वीस-पन्नास रुपयांचा हिशेब करत नाही. म्हणूनच हे तुझ्याशी जरा सविस्तर बोलावंसं वाटलं.

आधी माझं मत सांगून टाकते. फुकट मिळाला तर खुशाल घे, पण पैसे मोजून मुद्दाम भरू नकोस. आणि भरलास तरी महिन्याला हवा मोजायची सवय मोडू नकोस. माझा सगळा जीव या शेवटच्या वाक्यात आहे.

आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेल्यात आर्गॉन वगैरे. म्हणजे पंपावरच्या साध्या नळीनं भरलेल्या टायरमध्येही चारातल्या तीन भागांहून जास्त नायट्रोजन आधीच आहे. नायट्रोजनच्या त्या हिरव्या-निळ्या मशीनमध्ये कुठून सिलिंडर आणलेला नसतो. तिथलीच हवा ओढून त्यातला ऑक्सिजन आणि ओल गाळून काढतात, आणि साधारण ९५ टक्के शुद्ध नायट्रोजन नळीला येतो.

आता हे नीट ऐक, कारण पंपावर हे कुणी सांगत नाही. समज, टायरमध्ये २८ पीएसआय (दाबाचं माप) हवा आहे आणि त्या मुलानं वरून नायट्रोजन सोडून ३३ केली. काटा २८ दाखवतो तेव्हा टायरमध्ये वातावरणाचा मूळ दाब धरून जवळजवळ ४३ पीएसआयची साधी हवा असते. तिच्यात पाचाची भर पडली. हिशेब मांडला तर नायट्रोजन ७८ टक्क्यांवरून कसाबसा ८० वर गेला. भरलेल्या घागरीत वाटीभर गंगाजल ओतावं, तसं ते. टायर पूर्ण रिकामा करून भरला तरी आत वातावरणाच्या दाबाइतकी हवा उरतेच, त्यामुळे एका खेपेत नव्वदच्या आसपासच पोचतो. खरी शुद्धता हवी तर दोन-तीनदा भरून सोडावं लागतं. पंपावर मागे पाच गाड्या हॉर्न देत उभ्या असताना तेवढा वेळ कोण देतं? अर्ध्या मिनिटात "हो गया मैडम" म्हणून वॉल्व्हला हिरवी टोपी लावून दिली, तर तुला मिळाली ती हिरवी टोपी.

मग हे नायट्रोजनचं आलं कुठून, असं तुला वाटेल. सगळं खोटं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. विमानांच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं आहे, आणि त्यामागे फार वाईट प्रसंग आहे. ३१ मार्च १९८६ ला मेक्सिको सिटीहून निघालेल्या बोइंग ७२७ विमानाचा एक ब्रेक चिकटून राहिला होता, चाक प्रचंड तापलं. त्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा होती. तापलेल्या रबराचे वायू आणि ऑक्सिजन एकत्र आले, टायर आकाशात फुटला, इंधनाच्या आणि इतर नळ्या तुटल्या. १६७ माणसं गेली, एकही वाचलं नाही. त्यानंतर अमेरिकेनं मोठ्या प्रवासी विमानांच्या टायरमध्ये ऑक्सिजन पाच टक्क्यांच्या वर नको, असा नियमच केला. रेसच्या गाड्यांमध्येही नायट्रोजन वापरतात, कारण तो कोरडा असतो आणि तिथे दाबातला अगदी बारीक फरकसुद्धा शर्यत बदलतो. पण तुझ्या गाडीचं चाक त्या विमानाच्या चाकाइतकं तापणार नाही. मानपूरच्या पुढे घाट उतरताना ब्रेक तापतात हे खरं. तिथे गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून उतरायचं, सारखा ब्रेक दाबून ठेवायचा नाही. त्या घाटात तुला वाचवेल तो गिअर.

"ठंडा रहेगा" हेही तपासू या. तापमान वाढलं की बंद टायरमधला दाब वाढतो, मग आत नायट्रोजन असो की हवा. दोन्ही वायू त्याच प्रमाणात फुगतात. साधारण साडेपाच-सहा अंशाला एक पीएसआय, असा हिशेब धर. फरक पडतो तो ओलीमुळे. पावसाळ्यात पंपाच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, ते वेळच्या वेळी काढलं नाही तर हवेबरोबर बाष्पही टायरमध्ये जातं आणि दाबाचं गणित थोडं बिघडतं, रिमलाही गंज धरू शकतो. नायट्रोजन कोरडा, एवढी त्याची बाजू खरी.

दुसरी खरी बाजू म्हणजे तो सावकाश झिरपतो. ऑक्सिजन रबरातून लवकर बाहेर पडतो, नायट्रोजन हळू. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक संस्थेनं २००६-०७ मध्ये हे मोजून पाहिलं. ३१ प्रकारचे टायर जोडीजोडीनं घेतले, एकात हवा, एकात नायट्रोजन, दोन्हींत ३० पीएसआय, आणि वर्षभर बाहेर ठेवून दिले. वर्षाअखेर हवेच्या टायरमधून सरासरी ३.५ पीएसआय गेले, नायट्रोजनच्या टायरमधून २.२. म्हणजे फरक किती? वर्षाला १.३ पीएसआय. महिन्यातून एकदा हवा बघणाऱ्या माणसाला हा फरक जाणवणारसुद्धा नाही. आणि हे झालं धड टायरचं. खिळा रुतला, वॉल्व्ह सैल झाला, खड्ड्यात रिमला चेप बसला, तर तिथून दोन्ही सारखेच निघून जातात.

मायलेजचंही तसंच. चारही टायरमध्ये एकेक पीएसआय कमी असेल तर इंधनात ०.२ टक्के फरक पडतो, असा अमेरिकी सरकारचा आकडा आहे. दाब बरोबर असला की मायलेज मिळतं, मग वायू कुठलाही असो.

महूत हवा बघणं जास्त जरुरीचं का, तर आपल्याकडची थंडी आणि ऊन. मेच्या दुपारी ४० अंशांत ३३ पीएसआय भरलेस आणि मग जानेवारीत पहाटे ८ अंशांत मुलीला शाळेत सोडायला निघालीस, तर थेंबभर हवा न गळताही टायर २८ वर आलेला असेल. नायट्रोजन भरला असतास तरी २८ च. "आपण नायट्रोजन भरलाय, आता बघायला नको" हा जो निर्धास्तपणा येतो ना, त्याची मला खरी भीती वाटते. कमी हवेचा टायर चालताना जास्त दबतो, त्याच्या कडा सतत दुमडतात-उलगडतात, आतून तापतात आणि भर वेगात दगा देतात.

तुझा ठाण्याचा रस्ता म्हणजे सेंधवा, धुळे, नाशिक आणि इगतपुरीपासून पुढे आमण्यापर्यंत समृद्धी महामार्ग. पाचशेच्या वर किलोमीटर, तेही उन्हाळ्यात. नागपूर–शिर्डी हा समृद्धीचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, त्यानंतर टायर फुटण्याची इतकी चर्चा झाली की परिवहन विभागानं प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली. तेव्हा काय बघत होते? टायर किती घासलाय ते. तूही तेच बघ. टायरच्या खाचांमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात, तिथपर्यंत टायर झिजला की खोली १.६ मिलीमीटर उरली, म्हणजे बदलायची वेळ झाली. पावसाळ्याआधी तर मी तेवढीही वाट बघणार नाही. कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १८२१ असेल तर २०२१ चा अठरावा आठवडा. जुनी गाडी घेतली असशील तर हे आधी वाच, कारण कमी चाललेला टायरही वयानं कडक होतो. त्याच कडेवर वेगाचं अक्षर असतं: 'टी' म्हणजे १९०, 'एच' म्हणजे २१०. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, म्हणजे टायर त्याहून कितीतरी जास्त वेगासाठी बनलेला असतो. पण ते वचन पुरेशी हवा आणि बेताचं वजन असेल तरच. पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, वर सामान आणि हवा २६, मग त्या अक्षराला अर्थ राहत नाही.

हवा किती हवी ते पंपावरच्या मुलाला विचारू नकोस. "सब में पैंतीस डाल देते हैं" हे उत्तर ठरलेलं. ड्रायव्हरचं दार उघड, आतल्या खांबावर स्टिकर असतो, तिथे पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे आहेत. भरलेल्या गाडीचे वेगळे दिलेले असतील, प्रवासाला ते घे. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा हा कमाल दाब असतो, तो भरायचा नसतो. आणि मोजायचं सकाळी, टायर गार असताना, फार तर दोन-तीन किलोमीटर चालल्यावर. धुळ्याला जेवायला थांबलात आणि काटा चार-पाच पीएसआय जास्त दाखवायला लागला, तर घाबरून हवा सोडू नकोस. ती गरमीची वाढ आहे, रात्री पुन्हा जागेवर येते.

पंपावर साधी हवा मोफत देणं पंपचालकाला बंधनकारक आहे, हेही लक्षात ठेव. "हवा की मशीन बंद है, नाइट्रोजन ले लो" असं कुणी म्हटलं तर शांतपणे तक्रारवही माग. गाडीतलं आपल्याला कळत नाही असं समोरच्यानं गृहीत धरलं की आपल्याही आवाजाला उगीच कापरं भरतं. तुझा आकडा तुला पाठ असेल तर तसं होणार नाही, मी सांगते.

नायट्रोजनवर खर्च करायचा असेल तर कुणी करावा? घरातला माणूस सीमेवर पोस्टिंगला गेलाय, गाडी महिनोन्‌महिने शेडमध्ये उभी आहे, हवा बघायला कुणी नाही, अशी घरं महूत पुष्कळ आहेत. तिथे हळू झिरपण्याचा थोडा उपयोग आहे. नवे टायर घेतल्यावर दुकानदार आपणहून भरून देत असेल तर घे. आणि एखाद्या पंपावर हवेचा काटा मोडका, पण नायट्रोजनच्या मशीनवर आकडा लावला की बरोबर तिथे थांबतं, अशी स्थिती असेल तरी पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. मात्र तू पैसे दिलेस ते बरोबर काट्याचे, हे मनात ठेव. त्यापेक्षा तीन-चारशे रुपयांत चांगला डिजिटल गेज मिळतो, तो डॅशबोर्डच्या कप्प्यात टाक. पुढेमागे गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप घे. अंगणातच चारही टायर पाच-दहा मिनिटांत होतात.

आणि एकदा भरलेल्या नायट्रोजनमध्ये साधी हवा मिसळली तर काही बिघडत नाही. "आता फक्त नायट्रोजनच, नाहीतर टायर खराब होईल" म्हणून कमी हवेवर गाडी रेटत पुढचा पंप शोधणं, हे मात्र धोक्याचं. समोर साधी हवा आहे ना, भर आणि पुढे नीघ.

निघायच्या आदल्या दिवशी स्टेपनी काढून बघ, ती बिचारी वर्षानुवर्षं डिकीत विसरलेली असते. काही नव्या गाड्यांत स्टेपनी देतच नाहीत, फक्त पंक्चर काढायचा संच असतो. तसं असेल तर तो कसा वापरायचा ते घरीच एकदा करून बघा, रात्री हायवेवर पहिल्यांदा नको. आणि स्टेपनी बारक्या चाकाची असेल तर तिच्यावर बहुधा ६० पीएसआय आणि ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते. ते वाचून घे आणि नवऱ्यालाही दाखवून ठेव.