झोपेत येणारा पक्षाघात : किती प्रमाणात आणि घरच्यांनी काय करायचं?



आपल्याकडे पक्षाघाताला कुणी लकवा म्हणतं, कुणी अर्धांगवायू. 'रात्री चांगले जेवून झोपले आणि सकाळी उठले तर एक बाजू हलेना' हे वाक्य आपण प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं असतं. असं खरंच किती वेळा होतं? आज हेच समजून घेऊया.

प्रमाण किती?

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून होणारा पक्षाघात सर्वात जास्त आढळतो. वेगवेगळ्या अभ्यासांनुसार अशा रुग्णांपैकी साधारण 14 ते 25 टक्के रुग्णांना लक्षणे झोपेतून उठल्यावर कळतात. म्हणजे ढोबळमानाने पाचातला एक.

मग झोप धोक्याची आहे का? थोडं गणित करू. दिवसाचे तास 24, झोपेचे 8, म्हणजे एक तृतीयांश, साधारण 33 टक्के. पक्षाघात दिवसभर सारखाच विभागला असता तर तीनातला एक झोपेत झाला असता. प्रत्यक्षात प्रमाण त्याहून कमी आहे. म्हणजे दोष झोपेचा नाही. पहाटेपासून रक्तदाब वाढू लागतो आणि पक्षाघाताचं प्रमाण सकाळी 6 ते दुपारी 12 या वेळेत सर्वात जास्त असतं. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, हृदयाचे अनियमित ठोके आणि घोरताना मध्येच श्वास थांबणे ही खरी जोखमीची कारणे आहेत.

अडचण कुठे येते?

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. झोपेतल्या रुग्णाची सुरुवात कधी झाली हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "शेवटचे ठणठणीत कधी पाहिले?" घड्याळ तिथून मोजलं जातं.

हे उदाहरण फळ्यावर लिहून पाहा:

1. आजोबा रात्री 10:30 ला झोपले, सकाळी 6:00 ला तोंड वाकडं दिसलं. गेलेला वेळ 7 तास 30 मिनिटे. मुदत संपलेली.
2. तेच आजोबा पहाटे 4:00 ला पाणी प्यायला उठले आणि आजीशी नीट बोलले. आता गेलेला वेळ फक्त 2 तास. मुदत सकाळी 8:30 पर्यंत!

पाचवी-सहावीच्या मुलांची कालमापनाची वजाबाकी इथे कुणाचा तरी हात-पाय वाचवू शकते. आजीची ती एक आठवण डॉक्टरांना सांगणं किती मोलाचं आहे बघा.

वेळ माहीत नसेल तर?

पूर्वी अशा रुग्णांना इंजेक्शन सहसा मिळत नसे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या 'वेक-अप' नावाच्या चाचणीत एमआरआय पाहून निवडलेल्या रुग्णांना ते दिलं गेलं. 90 दिवसांनंतर औषध मिळालेल्यांपैकी सुमारे 53 टक्के जण जवळजवळ पूर्ण बरे होते, न मिळालेल्यांपैकी सुमारे 42 टक्के. मात्र औषधामुळे मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोकाही असतो, म्हणून निवड तज्ज्ञच करतात. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी नळी घालून काढण्याचा उपचार निवडक रुग्णांमध्ये 24 तासांपर्यंत करता येतो. म्हणून 'आता उशीर झाला' असं आपणच ठरवून घरी बसायचं नाही.

मुलांना हे चार शब्द शिकवा

* हसा : हसायला सांगा. तोंड एका बाजूला ओढलं जातं का?
* हात : दोन्ही हात वर करायला सांगा. एक खाली येतो का?
* बोला : एक सोपं वाक्य म्हणायला सांगा. जीभ अडखळते का?
* वेळ : घड्याळ बघा आणि 108 ला फोन करा.

एक जरी लक्षण अचानक दिसलं तरी थांबू नका. थोड्या वेळाने आपोआप बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण तो पुढच्या झटक्याचा इशारा असू शकतो.

काय करू नये?

'हात अंगाखाली आला असेल, मुंग्या आल्या असतील, जरा पडू दे' असं म्हणून तास घालवू नका. तेल चोळत बसू नका. चहा-पाणी पाजू नका, घशाखाली नीट न उतरता ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मनाने गोळी देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. म्हणून शक्यतो सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. चालू औषधांची चिठ्ठी सोबत घ्या.

वर्गासाठी उपक्रम

प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या मोठ्यांचा रक्तदाब शेवटचा कधी तपासला ते विचारून वहीत लिहावं. जवळचं सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय कोणतं, हेही पालकांकडून माहीत करून घ्यावं. 29 ऑक्टोबर हा जागतिक पक्षाघात दिन आहे, पण त्याची वाट कशाला पाहायची? आजोबांना सकाळी उठवायला बहुतेक घरांत नातवंडंच जातात. काय बघायचं ते त्यांना माहीत असलेलं बरं.